सेस्ना 172 चे पार्ट शोधताना: सीट रेल, ब्रेक डिस्क आणि बाकीचं

6 जानेवारी 2024, शनिवार

अ‍ॅन्युअल, म्हणजे विमानाची दरवर्षीची सक्तीची तपासणी, सुरू झालं. विमान आमचं तिघांचं, 1974 मॉडेलची सेस्ना 172एम, लायकॉमिंगचं 150 हॉर्सपॉवरचं इंजिन. ठेवलेलं असतं इथंच कॅन्ससमधल्या ओलाथेला, जॉन्सन काउंटी एक्झिक्युटिव्ह एअरपोर्टवर. पार्टनर म्हणजे मी, नागपूरचे एक दादा आणि इथल्या शाळेत शिकवणारे एक सर. यंदा ठरवलंय की पार्ट शोधायचं काम मी करायचं आणि सगळं लिहून ठेवायचं, कारण मागच्या वर्षी कोणी काय मागवलं याचाच पत्ता नव्हता आणि एकच गॅस्केट दोनदा आलं.

8 एप्रिलला खग्रास सूर्यग्रहण आहे. आमच्याकडे खंडग्रासच दिसणार, पण मिसुरीच्या दक्षिण भागात पॉप्लर ब्लफकडं पूर्ण अंधार होणार आहे आणि तिथं विमानानं जायचं असं तिघांनी मिळून ठरवलंय. म्हणजे हातात तीन महिने.

आमचे मेकॅनिक 71 वर्षांचे आहेत, अ‍ॅन्युअलवर सही करायचा अधिकार म्हणजे आयए त्यांच्याकडे आहे. मी घरी त्यांना हँगरचे काका म्हणते, इथंही तेच लिहिणार. आज नुसती पॅनल उघडली, सीटा बाहेर काढल्या, कार्पेट उचललं.

7 जानेवारी, रविवार

सीट रेल बघितल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. सेस्नाची पुढची सीट जमिनीवरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पुढंमागं सरकते, पट्टीला ओळीनं भोकं असतात, सीटखालची पिन त्यातल्या एका भोकात बसते आणि सीट लॉक होते. भोक झिजलं की पिन अर्धवट बसते, हाताला लॉक झाल्यासारखं वाटतं पण झालेलं नसतं. टेकऑफला नाक वर गेलं की सीट सर्रकन मागं जाते, माणूस घाबरून हातात जे आहे ते धरतो आणि हातात असतो योक, म्हणजे नाक वरखाली करायचं हँडल, मग नाक आणखी वर आणि जमिनीजवळ स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच संपते. अशी माणसं गेलेली आहेत. म्हणून एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, एडी आहे, पहिला 1987 चा 87-20-03, आता त्याच्या जागी 2011-10-09. एडी म्हणजे हुकूमच, पाळला नाही तर उडता येत नाही.

माप असं: भोक झिजून 0.36 इंचाच्या वर गेलं तर दर 100 तासांनी मोजत राहायचं, 0.42 च्या वर गेलं की रेल बदलायची, त्याशिवाय उड्डाण नाही. पिन भोकात कमीत कमी 0.15 इंच शिरली पाहिजे.

मी बाबांनी दिलेला व्हर्नियर घेऊन पोटावर झोपून एकेक भोक मोजलं. सगळ्यात पुढची दोन भोकं जवळजवळ नवी, मागची पण बरी. मधली तीन मात्र गोल राहिलीच नाहीत, पुढंमागं ओढल्यासारखी लांबट झालीयत, कडेला चकचकीत धार आलीय, बोट फिरवलं तर लागते. डाव्या सीटची आतली रेल, पुढून चौथं भोक, 0.43. तीनदा मोजलं, तीनदा तेवढंच. पन्नास वर्षं साधारण एकाच उंचीचे पुरुष तिथं बसत आले आणि त्यांची सीट त्याच तीन भोकांत लॉक होत आली. मी 5 फूट 2 इंच, माझं भोक पुढून दुसरं, त्यामुळं मला कधी काही जाणवलंच नाही, आणि दादा मात्र मागच्या महिन्यापर्यंत त्या 0.43 वर बसून उडत होते. रात्री त्यांना फोन करून सांगितलं तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

13 जानेवारी, शनिवार

बाहेर उणे 20 सेल्सियस. आज संध्याकाळी अ‍ॅरोहेडवर चीफ्सची मॅच याच थंडीत आहे. हँगरला हीटर नाही, त्यामुळं घरी बसून पार्ट कॅटलॉग वाचला.

हे कॅटलॉग वाचणं शिकावं लागतं. पानावर एक सुटं सुटं करून दाखवलेलं चित्र, प्रत्येक तुकड्याला आकडा, शेजारच्या पानावर त्या आकड्यासमोर पार्ट नंबर. पण एकाच आकड्यासमोर तीन-चार पार्ट नंबर असतात आणि शेवटच्या रकान्यात ए, बी, सी अशी अक्षरं. त्याला 'युझेबल ऑन' कोड म्हणतात. अक्षराचा अर्थ खाली दिलेला असतो: अमुक सिरियल नंबरपासून तमुकपर्यंत. मी पहिल्यांदा तो रकाना बघितलाच नाही, वरचा पहिला नंबर उतरवून घेतला आणि खूश. काकांना मेसेज केला तर उलट एकच प्रश्न आला, 'सिरियल काय?'

सिरियल डेटा प्लेटवर असतो, डाव्या पुढच्या दाराच्या चौकटीवर खाली. फोटो होता माझ्याकडं. आणि इथं दुसरी गोष्ट कळली. आमच्या विमानाचं पहिलं एअरवर्दिनेस सर्टिफिकेट, म्हणजे उडायला योग्य असल्याचा दाखला, 1973 च्या शेवटचं आहे आणि विमान मात्र 1974 मॉडेलचं. कारसारखंच, नव्या वर्षाचं मॉडेल आधीच्या वर्षीच बाहेर पडायला लागतं. म्हणजे 'आमचं 73 चं विमान' म्हणून कोणी पार्ट मागवला तर चुकीच्या वर्षाचा येणार. वर्ष सांगायचंच नाही, सिरियल सांगायचा.

सेस्नाच्या नंबरांना पण घराणं असतं. 05 नं सुरू झाला तर सहसा 170-172 च्या घरातला, 04 म्हणजे 150, 07 म्हणजे 180-182, 12 म्हणजे 206-210 कडचा. पण म्हणून 172 ला फक्त 05 चेच पार्ट लागतात असं नाही, 150 साठी बनवलेला तुकडा 172 मध्ये सर्रास असतो.

रात्री नऊला, म्हणजे तिकडं रविवारी सकाळी साडेआठला, बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, चाळीस वर्षं झाली. रेलचा फोटो बघून म्हणाले, "एवढंच ना गं? पट्टी आण, भोकं पाडून देतो, दुपारपर्यंत होईल." म्हटलं बाबा चालत नाही. "का चालत नाही? माझ्या भोकात काय खोट आहे?" मला उत्तर देता आलं नाही नीट. नुसतं कायदा म्हणून सांगणं त्यांना पटत नाही आणि मलाही पटत नव्हतं.

20 जानेवारी, शनिवार

थंडी जरा कमी. बाबांचा प्रश्न काकांना विचारला. त्यांनी काम थांबवून, स्टुलावर बसून सांगितलं.

विमानाचं डिझाइन एकदा मंजूर झालं की त्याला टाइप सर्टिफिकेट मिळतं, 172 चं आहे 3ए12, एकाच सर्टिफिकेटखाली 1955 पासून आजपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या 172. त्यात बसवायचा पार्ट एक तर मूळ कंपनीचा हवा, किंवा दुसऱ्या कंपनीनं एफएएकडून पीएमए घेऊन बनवलेला हवा, म्हणजे त्यांनी सिद्ध करून दिलंय की आमचा तुकडा मूळ तुकड्याएवढाच भक्कम आहे. किंवा एएन, एमएस असल्या ठरलेल्या मापाचे स्टँडर्ड पार्ट, नटबोल्ट वगैरे. आणि चौथा रस्ता मालकानं स्वतःच्या विमानासाठी बनवलेला पार्ट. हा खरंच आहे नियमात. पण मालकानं नुसते पैसे देऊन भागत नाही, डिझाइनची माहिती देणं, मटेरियल देणं, कसं बनवायचं ते सांगणं, तपासणी, देखरेख यातलं काहीतरी स्वतः करायला लागतं, आणि तो पार्ट मंजूर डिझाइनला तंतोतंत उतरला पाहिजे.

मग रेल बनवू की आपण, मी म्हटलं. काका म्हणाले, बनवशील, पण ती पट्टी कुठल्या मिश्रधातूची, कुठल्या टेंपरची, एक्स्ट्रुजनचा आकार काय, भोकाचं टॉलरन्स काय हे तुला माहितीय का? डोळ्याला दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या सारख्याच दिसतात. हे मात्र बाबांना पटलं. संध्याकाळी सांगितलं तर लगेच म्हणाले, "हां, मटेरियल माहीत नसेल तर मीही हात लावणार नाही."

27 जानेवारी, शनिवार

ब्रेक. उजव्या चाकाची डिस्क. उन्हाळ्यापासून उजवा ब्रेक घसघस करत होता.

डिस्क मोजताना एक गंमत शिकले, लिहून ठेवते. लायनिंग, म्हणजे डिस्कला घासणारं ब्रेकचं पॅड, डिस्कच्या अगदी कडेपर्यंत घासत नाही, त्यामुळं कडेला न झिजलेला उंच काठ राहतो. व्हर्नियरचे जबडे त्या काठावर बसतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. मायक्रोमीटर हाताशी नव्हता, तर काकांनी खिशातून दोन क्वार्टर काढले, डिस्कच्या दोन्ही बाजूला घासलेल्या जागी एकेक धरला आणि सगळं मिळून मोजलं. क्वार्टर 1.75 मिलिमीटर जाड, दोन वजा केले की उरली ती डिस्क. काठावरनं मोजलेली पास होत होती, नाण्यांनी मोजलेली मॅन्युअलच्या लिमिटखाली गेली. वरून गंजाचे खड्डे. नंतर काकांच्या पेटीतला मायक्रोमीटर आणून खात्री केली, नाण्यांचंच बरोबर निघालं. डावीही लिमिटच्या काठावरच आहे, दोन्ही बदलायच्या.

28 जानेवारी, रविवार

आधीच्या मालकानं दिलेल्या कागदांच्या खोक्यात मॅकॉली कंपनीच्या डिस्कचं एक जुनं बिल मिळालं, आमच्याच विमानाचा नंबर घातलेलं. कॅटलॉगमध्येही मॅकॉलीची चाकं आहेत. झालं, नंबर जुळला. एका दुकानाला फोन केला, तिथला माणूस म्हणाला सगळ्या 172 ना हीच लागते. दोन मागवल्या.

3 फेब्रुवारी, शनिवार

डिस्क आल्या. बसत नाहीत.

मधल्या भोकाचं माप वेगळं, टोपीसारखा जो भाग असतो त्याची खोली वेगळी. काकांनी एक शब्द न बोलता छोटा आरसा आणि टॉर्च माझ्या हातात दिला आणि चाकावरच्या ब्रेक कॅलिपरकडं, म्हणजे डिस्क दाबून धरणाऱ्या भागाकडं, बोट दाखवलं. ब्रेक सिलिंडरवर एक छोटी पत्र्याची पट्टी असते, ग्रीस आणि काळ्या भुकटीनं पूर्ण बुजलेली. चिंधीनं पुसली, टूथब्रशनं घासली, आरशात उलटी अक्षरं दिसली. क्लीव्हलँड. चाकं मॅकॉलीची नाहीत, क्लीव्हलँड कंपनीची आहेत!

मग लॉगबुकं काढली. तीन जाड वह्या, 1973 पासूनच्या. दोन तास एकेक पान वाचलं आणि 1998 सालच्या एका पानावर सापडलं, दोन ओळींत, किरट्या अक्षरात: मेन चाकं आणि ब्रेक बदलले, एसटीसीप्रमाणे, 337 भरला. (एसटीसी म्हणजे मूळ डिझाइनमधल्या बदलाला एफएएची मंजुरी, 337 म्हणजे मोठ्या बदलाचा फॉर्म.) म्हणजे मला सापडलेलं बिल त्याच्या आधीचं. बिल खरं होतं, कॅटलॉग खरा होता, फक्त विमान बदललेलं होतं.

ही माझी चूक, आणि मी ती इथं ठळक लिहून ठेवते कारण पुढच्या वर्षी दादा पार्ट बघणार आहेत. आधी विमानावर जे आहे ते वाचायचं, मग लॉगबुक, मग कॅटलॉग. मी उलट्या क्रमानं गेले. दुकानानं परत घ्यायला 20 टक्के कापले. मला त्याचा राग आहे, कारण सगळ्या 172 ना हीच लागते हे वाक्य त्यांनी सांगितलं होतं आणि ते कधीच खरं नव्हतं. 44 हजारांच्या वर 172 बनल्यात, 1956 पासून, सगळ्यांना एकच डिस्क कशी लागेल? पण कॅलिपरवरची पट्टी न पुसता फोन केला तो मीच, तेव्हा पैसेही मीच भरले, दोघांकडं मागितले नाहीत.

4 फेब्रुवारी, रविवार

क्लीव्हलँडच्या डिस्क आणि लायनिंग मागवलं. या वेळी पट्टीवरचा असेंब्ली नंबर घेऊन आणि 337 ची कॉपी समोर ठेवून. डिस्क तीन आठवडे बॅकऑर्डर.

10 फेब्रुवारी, शनिवार

रेलचा निर्णय. तीन पर्याय होते.

मूळ कंपनीच्या रेल, सगळ्यात महाग, कधी येतील ते सांगत नाहीत.

वापरलेल्या रेल, ऑनलाइन एकाकडं, '172 मधून काढलेल्या, चांगल्या अवस्थेत', किंमत एकदम कमी. फोटोत भोकं गोल दिसत होती. कुठल्या सिरियलच्या विमानातून काढल्या विचारलं तर उत्तर नाही, टॅग, म्हणजे तपासल्याची चिठ्ठी, आहे का विचारलं तर म्हणे गरज नसते. खरं सांगायचं तर मन झालं होतं, डिस्कमध्ये पैसे गेले होते. वापरलेला पार्ट वाईट असतो असं नाही, मोडीत निघालेल्या विमानांचे यार्ड आहेत, नीट तपासून टॅग लावून देतात, आमचं एक दार तसलंच आहे. पण हा माणूस सिरियल सांगेना.

काकांनी मला 1989 ची एक गोष्ट सांगितली. नॉर्वेच्या पार्टनेअरचं कॉन्व्हेअर 580, ओस्लोहून हँबुर्गला निघालेलं, डेन्मार्कजवळ समुद्रात पडलं, 55 माणसं, कोणी वाचलं नाही. शेपटीचा उभा पंख धरून ठेवणाऱ्या बोल्ट-पिना नकली निघाल्या, लागतं त्या ताकदीच्या नव्हत्याच. बसवणाऱ्याला त्या बरोबर बसल्यासारख्याच वाटल्या असतील ना. मी ती जाहिरात बंद केली.

तिसरा पर्याय पीएमए. मॅकफार्लेन नावाची कंपनी आहे, बाल्डविन सिटीला, म्हणजे आमच्या कॅन्ससमध्येच, इथून तासाभराच्या आत. ते सेस्नाच्या सीट रेल पीएमएखाली बनवतात. त्यांच्या यादीतही सिरियलप्रमाणे वेगवेगळ्या रेल आहेत. मी ऑर्डर द्यायच्या आधी यादी घेऊन हँगरला गेले, रेलची लांबी मोजली, भोकं मोजली, पहिल्या भोकापासून टोकापर्यंतचं अंतर मोजलं, आतली कुठली बाहेरची कुठली ते मार्करनं लिहिलं, फोटो काढले. कागद आणि विमान दोन्ही एकच सांगत होते तेव्हाच नंबर टाकला. डाव्या सीटच्या दोन, उजव्या सीटच्या दोन, चारही. उजवीकडची भोकं 0.38 पर्यंत आहेत, अजून चालली असती, पण फरशी एकदा उघडलीय तर पुन्हा कोण उघडणार.

सीटच्या चार रोलरांपैकी दोन पण घेतले. एडीत रोलरच्या घराची जाडी तपासायला सांगितलीय, अर्ध्यापेक्षा जास्त झिजलेलं नको. आमचे दोन काठावर होते.

17 फेब्रुवारी, शनिवार

छोटं काम, पण नोंदवते. लँडिंग लाइटचा बल्ब गेला होता. हा बल्ब मालक स्वतः बदलू शकतो, नियमात आहे. शेजारच्या हँगरमधल्या गृहस्थांनी प्रेमानं त्यांच्याकडचा नवा बल्ब दिला, त्यांचीही 172 च, पण एन मॉडेल, 1979 ची. बल्ब खटकन बसला, स्क्रूसुद्धा जुळले. स्विच टाकला तर निखाऱ्यासारखा लालसर पिवळा. मला वाटलं वायरिंग गेलं. तासभर मल्टिमीटर घेऊन बसले. मग बल्बच्या मागचा नंबर वाचला, 4591. आमचा लागतो 4509. 1978 पासून सेस्नानं 172 ला 28 व्होल्ट दिले, आमचं 14 व्होल्टचं. आकार तोच, काच तीच, पण फिलॅमेंट दुप्पट व्होल्टेजचं. पूर्णपणे बसणारा आणि पूर्णपणे चुकीचा पार्ट.

बल्ब परत दिला, 4509 दोन आणले, एक बसवला एक कपाटात.

24 फेब्रुवारी, शनिवार

रेल आल्या. लांब खोक्यात, कागदात गुंडाळलेल्या. प्रत्येकीवर पार्ट नंबर आणि एफएए-पीएमए लिहिलेलं. ते लेबल मी फोटो काढून लॉगच्या फाइलला जोडलं, बिलासकट. जुनी रेल आणि नवी रेल शेजारी ठेवून भोकावर भोक धरलं, पहिल्या भोकापासून शेवटच्यापर्यंत. जुळलं. तेव्हा कुठं पोटातला गोळा गेला.

रात्री बाबांना कॅमेऱ्यावर दोन्ही दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावून बघितलं. म्हणाले, "भोकाची कड बघ, चँफर केलीय बारीक, तिरपी. म्हणजे पिन अडकणार नाही. काम माहीत असलेल्या माणसाचं आहे."

2 मार्च, शनिवार

जुन्या रेल काढल्या. रिव्हेट ड्रिल करून. दिसायला सोपं काम आणि सगळ्यात जास्त भीती याचीच होती, कारण फरशीखाली कुठं काय जातं ते बघितलेलं आहे, फ्युएल सिलेक्टरकडं जाणाऱ्या पाइपा तिथंच. ड्रिलला स्टॉप लावलेला, म्हणजे ठरल्यापेक्षा खोल जातच नाही. काका ड्रिल करणार, मी व्हॅक्युमची नळी धरून प्रत्येक भोकाशेजारी. अ‍ॅल्युमिनियमचा आणि स्टीलचा कचरा पोटात पडून राहिला तर ओल धरतो आणि गंज सुरू होतो, शिवाय केबलच्या पुल्यांत जातो. संपल्यावर तपासणीची झाकणं उघडून आतून पुन्हा व्हॅक्युम केलं. मूठभर निघाला कचरा, त्यात 1970 च्या दशकातला एक पेनी पण.

9 मार्च, शनिवार

नव्या रेल बसल्या. दिवस गेला पूर्ण. भोक जरा वाकडं गेलं तर रेल दुसऱ्या रेलला समांतर राहत नाही आणि सीट मध्येच आवळते, म्हणून आधी टोकाची भोकं क्लेकोनं, म्हणजे रिव्हेटच्या जागी तात्पुरत्या लावायच्या पिनेनं, धरून सीट ठेवून पुढंमागं सरकवून बघितली, मग रिव्हेट.

आज बोल्टची ऑर्डरही दिली. एएन बोल्टचा नंबर वाचायला शिकले ते दादांसाठी लिहिते. एएन3 म्हणजे व्यास 3/16 इंच, एएन4 म्हणजे पाव इंच. पुढचा आकडा लांबी, आठव्या भागात: एएन3-5 म्हणजे साधारण पाच अष्टमांश. पण 7 नंतर 8 येत नाही, 10 येतो, कारण 10 म्हणजे एक इंच शून्य अष्टमांश, 11 म्हणजे एक इंच एक अष्टमांश. एएन3-8 मागाल तर असा बोल्टच नसतो. शेवटी 'ए' असेल तर दांड्याला कॉटर पिनचं भोक नाही. डोक्यावर फुलीसारखी खूण असते, ती एअरक्राफ्ट स्टीलची. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट आकारानं हुबेहूब असला तरी त्याच्या डोक्यावर ही खूण नसते.

16 मार्च, शनिवार

डिस्क अजून नाहीत. तीन आठवड्यांचे सहा झाले. ग्रहणाला तीन आठवडे उरले.

दरम्यान डाव्या बाजूच्या प्लास्टिक पॅनलची एक ब्रॅकेट मोडलेली होती, अंगठ्याएवढी, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, 90 अंशात वाकवलेली. हिच्यावर काही भार नाही, नुसतं पॅनल धरते. काका म्हणाले, ही बनव तू मालक म्हणून, शिकशील. मटेरियल 2024-टी3, जाडी 0.032, त्यांच्याकडं कागदपत्रासकट पत्रा आहे. मी मोडलेली ब्रॅकेट मोजून ड्रॉइंग काढलं.

रात्री बाबांना दाखवलं. एका मिनिटात विचारलं, "ही वाकवलीयस ती आतून टोकदार का दाखवलीयस? असलं कडक अ‍ॅल्युमिनियम टोकदार वाकवलं की बाहेरच्या अंगाला चिरतं." मी उठून कपाटातली मूळ ब्रॅकेट आणली, भिंग लावलं. आतल्या कोपऱ्याला स्वच्छ गोलाई, जाडीच्या तिप्पट-चौपट. मी घाईत सरळ कोन काढला होता. रेडियस मोजून ड्रॉइंग दुरुस्त केलं. कोल्हापुरातनं माझ्या विमानाच्या पार्टचं ड्रॉइंग तपासलं गेलं याचा मला किती आनंद झाला ते शब्दांत येणार नाही.

23 मार्च, शनिवार

ब्रॅकेट झाली. काकांनी ड्रॉइंगवर माझं नाव, तारीख, मटेरियलचा बॅच नंबर लिहायला लावला, आणि लॉगबुकात ओनर प्रोड्यूस्ड म्हणून नोंद केली. बाबांचं नाव कुठल्या रकान्यात बसेना, म्हणून ड्रॉइंगच्या खाली कोपऱ्यात लिहिलं, 'तपासले: बाबा'. काकांनी विचारलं हे काय लिहिलंय, सांगितलं. राहू दे म्हणाले.

27 मार्च, बुधवार

डिस्क आल्या!! ऑफिसातून थेट हँगर. आरशात पुन्हा पट्टी वाचली, डिस्कवरचा नंबर वाचला, बिलावरचा वाचला. चाकावर ठेवली, घट्ट आणि सरळ बसली.

30 मार्च, शनिवार

दोन्ही चाकं, डिस्क, नवं लायनिंग. जुनं लायनिंग पितळेच्या रिव्हेटनं लावलेलं असतं, ते छोट्या हत्यारानं काढून नवं लावायचं, ते काकांच्या देखरेखीखाली मी केलं. बेअरिंग धुतली, ग्रीस भरलं. कॅलिपरचे बोल्ट टॉर्क रेंचनं, मग सेफ्टी वायर. माझी पहिली वायर त्यांनी कापून टाकली, पीळ उलट्या दिशेला पडला होता, बोल्ट सैल व्हायला लागला तर वायरनं त्याला आवळायच्या दिशेला ओढलं पाहिजे. दुसरी पास.

5 एप्रिल, शुक्रवार

काकांनी अ‍ॅन्युअलवर सही केली. एडीच्या यादीत 2011-10-09 समोर मापं लिहिली: सगळी भोकं 0.36 च्या आत, पिन सगळीकडं 0.15 च्या वर.

6 एप्रिल, शनिवार

नवं लायनिंग लगेच दाबून वापरायचं नसतं, आधी भाजून घ्यायला लागतं. 1700 आरपीएमवर ठेवून ब्रेक हलका दाबत सावकाश चालीनं साधारण 1500 फूट टॅक्सी, मग 10-15 मिनिटं थंड होऊ द्यायचं, मग पूर्ण पॉवरला धरतो का बघायचं. धरला. उजवीकडचा घसघस आवाज गेला.

मग दादा डावीकडं, मी उजवीकडं. दादांनी सीट त्यांच्या जागी आणली, पुढून चौथं भोक, आणि सोडली. टक. मग दोन्ही हातांनी सीट धरून मागं हिसडली, एकदा, दोनदा, पाय फायरवॉलकडं रेटून तिसऱ्यांदा. हलली नाही. माझ्याकडं बघितलं आणि चेकलिस्ट उचलली. पाऊण तास उडलो, तीन लँडिंग.

7 एप्रिल, रविवार

ग्रहणाला विमानानं जायचं नाही असं ठरलं, आणि मीच म्हटलं. उद्या त्या पट्ट्यातल्या सगळ्या लहान एअरपोर्टवर झुंबड असणार, अनोळखी ठिकाणी गर्दीत उतरायचं, आणि ब्रेकवर आमची एकूण तीन लँडिंग. सर नाराज झाले, दादा नाही. कारनं निघतोय पहाटे, सहा तास.

9 एप्रिल, मंगळवार, पाडवा

पॉप्लर ब्लफला बघितलं. चार मिनिटं. त्याबद्दल वेगळं लिहीन, इथं नको. येताना ट्रॅफिकमध्ये रात्रीचा एक वाजला, सकाळी गुढी उभारायला उशीर झाला पण उभारली.

राहिलेली कामं: मागच्या खिडकीचं प्लास्टिक ट्रिम तडकलंय, त्याचं पीएमएत मिळतंय का बघणे, डावं-उजवं वेगळं आहे, कॅटलॉगमध्ये कोड बी आणि सी, आमचा सिरियल बी मध्ये येतो. दाराचं सील मीटरवर मागवणे. जुन्या चार रेलवर लाल रंगानं फुली मारून काकांनी त्यांचे करवतीनं तुकडे केले, म्हणजे कोणी पुन्हा विकायला नको. 0.43 चं भोक असलेला तुकडा मी मागून घेतला, जूनमध्ये कोल्हापूरला जाताना बाबांसाठी नेणार आहे.